मोटारींतील गारवा आणि त्याची गळती

मोटारींतलें पेट्रोल संपतें, इंजिनांतलें तेल जळतें, टायर झिजतात. गारवा देणाऱ्या यंत्रांतील वायु मात्र यांपैकीं कोणत्याहि रीतीनें खर्च होत नाहीं. तो बंद नळ्यांतून फिरतो, द्रव होतो, पुन्हां वायु होतो. आणि ज्या वजनानें तो कारखान्यांत भरला, त्याच वजनानें तो वर्षानुवर्षें आंत राहावा, अशी यंत्राची मूळ आखणी असते. तरीहि जुन्या मोटारींतील हवा गार लागेनाशी झाली कीं मालक म्हणतो, "गॅस संपला," आणि मिस्त्री म्हणतो, "भरून देतों." या दोन लहान वाक्यांत एक मोठी चूक दडलेली आहे. तिची किंमत मालकाच्या खिशाला तर पडलीच, पण कांहीं काळ ती पृथ्वीवरच्या आकाशालाहि मोजावी लागली. ही चूक कशी रुजली आणि ती कशी उघडकीस आली, हा गेल्या नव्वद वर्षांच्या इतिहासाचा एक उद्बोधक भाग आहे.

उन्हाळ्यांत माठांतलें पाणी गार होतें, याचें कारण माठाच्या अंगांतून पाझरणारें पाणी वाफ होऊन जातांना आपल्याबरोबर उष्णता घेऊन जातें. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी शिंपडण्याच्या जुन्या रिवाजांतहि हेंच तत्त्व आहे. मोटारींतील यंत्र याहून निराळें कांहीं करीत नाहीं. बैठकीसमोरच्या फळीमागें नळ्यांचें जें जाळें असतें, त्यांत एक शीतद्रव्य उकळतें आणि उकळतांना आंतील हवेची उष्णता शोषून घेतें. इंजिनाच्या पट्ट्यानें फिरणारा कॉम्प्रेसर ती वाफ ओढून दाबतो. रेडिएटरच्या पुढें बसविलेल्या कंडेन्सरमध्यें ती बाहेरच्या वाऱ्यानें निवून पुन्हां द्रव होते. आणि एका अरुंद झडपेंतून तो द्रव परत आंतील जाळ्यांत येतो. फरक एवढाच कीं, माठाचें पाणी उडून जातें, म्हणून माठ रोज भरावा लागतो. येथें उडालेला कण न् कण परत धरलेला असतो. जुन्या मोटारीचा मालक आपलें यंत्र माठाप्रमाणें भरूं पाहतो, हीच ती चूक.

या तत्त्वावर चालणाऱ्या यंत्राचें पेटंट जेकब पर्किन्स यानें लंडन येथें १८३४ सालीं घेतलें. १९०२ सालीं विलिस कॅरिअर या तरुण अमेरिकन इंजिनियरानें ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठीं हवेंतील दमटपणा काबूंत ठेवणारी योजना आंखली आणि आधुनिक वातानुकूलनाचा पाया घातला. तथापि त्या काळचीं शीतद्रव्यें मोठीं घातक होतीं. अमोनिया डोळ्यांना व घशाला झोंबे, सल्फर डायऑक्साइडनें श्वास कोंडे, आणि मेथिल क्लोराइड तर विषारी असून पेटहि घेई. स्वयंपाकघरांतील कपाटांतून असा वायु गळल्यामुळें माणसें दगावल्याचीं उदाहरणें १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत घडलीं. कांचा लावलेल्या चार माणसांच्या मोटारींत असें द्रव्य खेळविण्याचें धाडस कोण करणार? धांवत्या वाहनांत गारवा आणावयाचा तर बर्फाचाच आसरा घ्यावा लागे. मुंबईहून पेशावरकडे जाणाऱ्या फ्रंटियर मेलला १९३४ सालीं जो थंड हवेचा डबा जोडला गेला, त्याच्या तळाशीं बर्फाच्या लाद्या रचलेल्या असत. पंख्यानें त्यांच्यावरून हवा खेळवीत, आणि वाटेंतील स्टेशनांवर वितळलेल्या लाद्यांच्या जागीं नव्या ठेवीत.

ही अडचण दूर केली ती टॉमस मिजली या रसायनज्ञानें. जनरल मोटर्स या कंपनीचा शीतयंत्रें करणारा फ्रिजिडेअर नांवाचा विभाग होता. त्याला निर्धोक शीतद्रव्य हवें होतें. मिजली व त्याचे सहकारी यांनीं १९२८ सालीं एक कार्बन, दोन क्लोरीन व दोन फ्लुओरीन अशा अणूंनीं बनलेलें द्रव्य निवडलें. पुढें तें फ्रेऑन या व्यापारी नांवानें व 'आर-१२' या संज्ञेनें जगभर प्रसिद्ध झालें. तें शून्याखालीं सुमारें ३० अंश सेंटिग्रेडला उकळतें. त्याला वास नाहींसाच. तें जळत नाहीं, आणि सहसा कोणत्याहि धातूला खात नाहीं. १९३० सालीं अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेंत मिजलीनें तें छाती भरून ओढलें आणि जळत्या मेणबत्तीवर सोडून ती विझविली. द्रव्य विषारी नाहीं आणि पेटतहि नाहीं, या दोन्ही गोष्टी एका फुंकरीसरशी सिद्ध झाल्या. सभासदांनीं जें पाहिलें तें सर्वस्वीं खरें होतें. परंतु तो फुंकलेला श्वास पुढें कोठें जातो, हें त्या दिवशीं कोणीं विचारलें नाहीं.

आतां मोटारीचा मार्ग मोकळा झाला. १९३९ सालीं पॅकार्ड या अमेरिकन कंपनीनें १९४० च्या आपल्या गाड्यांसाठीं कारखान्यांतच बसविलेलें थंड हवेचें यंत्र जाहीर केलें. त्याला २७४ डॉलर जादा पडत. गार करणारें जाळें गाडीच्या मागील सामानाच्या पेटींत असे व तिची बरीच जागा अडवी. सर्वांत मोठी उणीव अशी कीं, कॉम्प्रेसर इंजिनापासून सुटा करण्याची सोयच नव्हती. इंजिन चालूं असेपर्यंत कॉम्प्रेसरहि फिरत राही. हिंवाळ्यांत तो बंद ठेवावयाचा तर गाडी थांबवून, झांकण उघडून, पट्टाच काढून ठेवावा लागे. १९४१ नंतर ही योजना सोडून देण्यांत आली, आणि महायुद्धामुळें मोटारींचें उत्पादनहि पुढें थांबलें.

युद्धोत्तर काळांत हा विषय पुन्हां हातीं घेतला गेला. १९५३ सालीं क्रायस्लरनें व जनरल मोटर्सनें आपापल्या उंची गाड्यांत नवीं यंत्रें दिलीं. १९५४ सालीं नॅश कंपनीनें तापविण्याचें व गार करण्याचें सर्व साहित्य गाडीच्या पुढील भागांत एकत्र बसवून ३४५ डॉलरांत देऊं केलें. याच कंपनीच्या घराण्यांत केल्व्हिनेटर हा शीतपेटीचा धंदा होता, त्यामुळें तिला ही विद्या घरचीच होती. विजेच्या चुंबकानें जुळणारा व सुटणारा क्लच आल्यावर पट्टा काढण्याची यातायात संपली. १९६२ मध्यें जनरल मोटर्सच्या गाड्यांत सहा सिलिंडरांचा, आकारानें आटोपशीर असा कॉम्प्रेसर आला. १९६९ पर्यंत अमेरिकेंत तयार होणाऱ्या निम्म्याहून अधिक मोटारींत गारव्याची सोय होती. एके काळची चैन ही एका पिढींत गरज होऊन बसली.

परंतु या यंत्राच्या जन्मकुंडलींतच एक दोष होता. घरांतील शीतपेटी आणि मोटारींतील यंत्र हीं एकाच तत्त्वाचीं भावंडें असलीं, तरी त्यांचा संसार निराळा आहे. जनरल इलेक्ट्रिकनें १९२७ मध्यें जी शीतपेटी विकण्यास आणली, तिच्यांत मोटर व कॉम्प्रेसर हीं दोन्ही एका पोलादी कवचांत कायमचीं बंद केलेलीं होतीं. बाहेर निघणारा फिरता दांडाच नाहीं, तर गळणार कोठून? अशा कांहीं पेट्या कित्येक दशकें न भरतां चालल्या. मोटारींतील कॉम्प्रेसरला मात्र इंजिन फिरवितें. त्यासाठीं त्याचा दांडा कवचाबाहेर यावा लागतो, आणि जेथून दांडा बाहेर येतो तेथें एक गुळगुळीत कडें, म्हणजे सील, वायूला अडवून धरतें. शिवाय इंजिन हादरतें आणि कंडेन्सर गाडीच्या सांगाड्याला घट्ट असतो. म्हणून दोहोंमध्यें लवचिक रबरी नळ्या घालाव्या लागतात, आणि रबर कितीहि चांगलें असलें तरी त्यांतून वायु थोडाथोडा पाझरतो. गाडी हिंवाळाभर थंड यंत्रानें उभी राहिली तर सीलवरील तेलाचा थर आटतो व तें कोरडें पडतें. म्हणूनच थंडींतहि आठवड्यांतून कांहीं मिनिटें यंत्र चालवावें, असा सल्ला जाणते कारागीर देत आले आहेत.

येथेंच निदानाचें शास्त्र सुरूं होतें. चांगला वैद्य नाडी पाहण्यापूर्वीं रोग्याकडे नीट पाहतो, तसा चांगला मिस्त्री दाबाचीं घड्याळें जोडण्यापूर्वीं गाडीकडे पाहतो. पट्टा सैल आहे काय? क्लच जुळतो काय? कंडेन्सरच्या पात्यांत धूळ व किडे अडकून वारा कोंडला आहे काय? पुष्कळ जुन्या गाड्यांत दोष गारव्याच्या यंत्रांत नसतोच. हवा तापविण्यासाठीं इंजिनाचें गरम पाणी आंत आणणारी तोटी नीट मिटलेली नसते, आणि एका बाजूनें गार झालेली हवा दुसऱ्या बाजूनें तापत राहते. अशा वेळीं गॅस भरणें म्हणजे दुखणें रेड्याला आणि औषध पखालीला.

यानंतर दोन घड्याळें जोडावयाचीं: एक कमी दाबाच्या बाजूस, एक जास्त दाबाच्या. आर-१२ वर चालणाऱ्या निकोप यंत्रांत पहिल्या घड्याळावर दर चौरस इंचास सुमारें ३० पौंड दाब दिसे, आणि दुसऱ्यावर बाहेरच्या उष्म्याप्रमाणें दीडशें ते अडीचशें पौंड. दोन्ही कांटे खालीं असले तर द्रव्य कमी झालें आहे. दोन्ही वर असले तर एक तर तें जास्त भरलें आहे, किंवा आंत हवा शिरली आहे, किंवा कंडेन्सरला वारा मिळत नाहीं. कमी दाबाचा कांटा वर आणि जास्त दाबाचा खालीं, म्हणजे कॉम्प्रेसरच्या झडपा झिजल्या. कमी दाबाचा कांटा शून्याखालीं गेला तर वाट कोठें तरी तुंबली. आणि जें यंत्र कांहीं वेळ उत्तम गारवा देऊन एकाएकीं बंद पडतें, अर्धा तास थांबल्यावर पुन्हां चालतें, त्याच्या आंत बहुधा पाण्याचा अंश असतो: अरुंद झडपेपाशीं त्याचें बर्फ होऊन वाट अडते, आणि बर्फ वितळलें कीं वाट मोकळी होते. अशा यंत्रांत कितीहि गॅस भरला तरी गुण येत नाहीं. त्याला पंप लावून आंतील सर्व हवा ओढून काढावी लागते, म्हणजे निर्वात स्थितींत पाणी साध्या उष्णतेलाच उकळून निघून जातें; आणि ओल टिपणारा ड्रायर बदलावा लागतो.

या कामांत दोन फसव्या खुणा प्रसिद्ध आहेत. पहिली, इंजिन बंद असतांना दिसणारा दाब. नळींत द्रवाचा थोडा जरी अंश शिल्लक असेल, तरी हा दाब केवळ उष्णमानावर अवलंबून राहतो. आंत अर्धा शेर द्रव्य आहे कीं दोन शेर, हें तो सांगत नाहीं. दुसरी, द्रवाच्या नळीवरील कांचेची खिडकी. आर-१२ च्या यंत्रांत तिच्यांत बुडबुडे दिसले तर द्रव्य कमी समजावें, हें खरें. परंतु खिडकी स्वच्छ दिसली म्हणजे यंत्र भरलेलें आहे असें नव्हे. तें पूर्ण रिकामें झालें असलें तरी खिडकी तितकीच स्वच्छ दिसते.

द्रव्य कमी आहे हें ठरल्यावर खरा प्रश्न उरतो: तें गेलें कोठून? शीतद्रव्याबरोबर कॉम्प्रेसरचें वंगणहि नळ्यांतून फिरत असतें. म्हणून ज्या सांध्यावर तेलकट धूळ चिकटलेली दिसेल, तेथें संशय धरावा. साबणाचें पाणी लावून बुडबुडे पाहण्याची पद्धति सर्वांत साधी. पण जुन्या कारागिरांचें खरें साधन म्हणजे एक लहानशी मशाल. तिच्या ज्योतीला लागणारी हवा एका रबरी नळीनें ओढली जाई आणि ज्योत तांब्याच्या तुकड्याला तापवी. नळीचें तोंड गळक्या सांध्याशीं नेलें कीं निळसर ज्योत हिरवी होई. हा रंग शीतद्रव्यांतील क्लोरीनमुळें येई. त्या धुरांत फॉस्जीनसारख्या विषारी वायूचा अंश असण्याचा धोका असल्यामुळें उघड्या जागेंतच हें काम करणें शहाणपणाचें होतें.

इतकें करणारे कारागीर होते. पण सगळेच तसे नव्हते. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत या द्रव्याचा एक पौंड सुमारें एका डॉलरला मिळे, आणि लहान डबे दुकानांतून कोणीहि विकत घेई. सील बदलण्याची मजुरी जास्त आणि गॅस स्वस्त. मग गळती शोधण्याच्या भरीस कोण पडणार? दर उन्हाळ्यास डबा ओतावा, आणि तो पुढील उन्हाळ्यापर्यंत गळून जावा, असा रिवाजच पडला. दुरुस्तीसाठीं यंत्र उघडावयाचें असेल तर आंतील सर्व द्रव्य सरळ हवेंत सोडून देत. फुटका रांजण भरण्याचा हा उद्योग कोट्यवधि गाड्यांवर चालला होता.

तें सोडलेलें द्रव्य कोठें जातें, याचें उत्तर १९७४ सालीं मिळालें. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील शेरवुड रोलंड व मारिओ मोलिना यांनीं 'नेचर' या नियतकालिकांत दाखवून दिलें कीं, ज्या स्थिरपणासाठीं हीं द्रव्यें वाखाणलीं गेलीं, तोच त्यांचा घातक गुण आहे. खालच्या वातावरणांत त्यांना कांहींच मोडूं शकत नाहीं, म्हणून तीं वर चढत जातात. आर-१२ वातावरणांत सुमारें शंभर वर्षें टिकतें. उंचावर सूर्याच्या प्रखर किरणांनीं त्याचा रेणु फुटतो, क्लोरीन मोकळा होतो, आणि त्याचा एकेक अणु ओझोनच्या सुमारें एक लाख रेणूंचा नाश करूं शकतो. जो क्लोरीन मिस्त्रीच्या मशालींत हिरवा रंग दाखवून गळतीची चुगली सांगे, तोच क्लोरीन त्या गळतींतून निसटून आकाशाचें छत पोखरीत होता.

१९७८ सालीं अमेरिकेनें सुगंधी फवाऱ्यांच्या बहुतेक डब्यांतून हीं द्रव्यें बाद केलीं. मोटारी मात्र तशाच राहिल्या. १९८५ सालीं जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं अंटार्क्टिकावरील ओझोनचा थर वसंत ऋतूंत अतिशय विरळ होत असल्याचें प्रसिद्ध केलें. तेव्हां मात्र जग जागें झालें. १६ सप्टेंबर १९८७ रोजीं माँट्रियल येथें करार झाला, आणि पुढें जगांतील झाडून सर्व राष्ट्रांनीं तो मान्य केला. भारत १९९२ सालीं त्यांत सामील झाला. प्रगत राष्ट्रांनीं १९९६ च्या आरंभीं, व भारतासारख्या राष्ट्रांनीं २०१० च्या आरंभीं या द्रव्यांचें उत्पादन व वापर, कांहीं अपवाद वगळून, बंद करावा असें ठरलें. रोलंड, मोलिना व पॉल क्रुटझेन यांना १९९५ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. मिजली हें पाहण्यास नव्हता. तो १९४४ सालींच वारला होता.

नव्या गाड्यांचा प्रश्न सुटला. जुन्यांचा सुटला नाहीं. क्लोरीन नसलेलें 'आर-१३४ए' हें द्रव्य १९९० नंतरच्या दशकांत मोटारींत आलें. परंतु जुनें काढून नवें ओतावें इतकें तें सोपें नव्हतें. जुन्या यंत्रांतील खनिज तेल नव्या द्रव्यांत मिसळत नाहीं, तेव्हां वंगण न मिळून कॉम्प्रेसर जळूं शकतो. म्हणून तेल बदलावें लागतें. नव्या द्रव्याचा रेणु लहान. तो जुन्या रबरी नळ्यांतून अधिक पाझरतो. तो कंडेन्सरमध्यें जास्त दाब मागतो. म्हणून जुन्या वजनाहून थोडें कमीच भरावें लागतें. आणि गंमत अशी कीं, त्यांत क्लोरीन नसल्यामुळें मशालीची ज्योत हिरवी होईना. कारागिरांना विजेवर चालणारीं यंत्रें किंवा जांभळ्या प्रकाशांत चमकणारा रंग हातीं धरावा लागला. स्वस्ताईच्या मोहानें कोणीं स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचीं ज्वालाग्राही मिश्रणें भरलीं. त्यांत पैसे वांचले, पण मिजलीनें मेणबत्ती विझवून जो धोका दूर केला होता तो परत गाडींत येऊन बसला.

भारतांत या प्रश्नाला आणखी एक पैलू होता. मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली अँबॅसडर आणि फियाट ११०० वरून आलेली प्रीमियर पद्मिनी या गाड्या मुळांत गारव्याचा विचार करून आंखलेल्या नव्हत्या. पद्मिनीचें इंजिन सुमारें १,१०० घन सेंटिमीटरचें. त्याच्यावर कॉम्प्रेसरचा भार घातला, आणि रेडिएटरच्या तोंडाशीं कंडेन्सर उभा केला, कीं मुंबईच्या चढावावर किंवा गर्दींत उभें असतां इंजिनच तापूं लागे. अशा गाडींत हवा गार न होण्याचें कारण पुष्कळदां गॅसमध्यें नसून थकलेल्या पंख्यांत किंवा गाळानें भरलेल्या रेडिएटरमध्यें सांपडे.

कथा येथें संपत नाहीं. आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाहीं. परंतु पृथ्वीची उष्णता कोंडून ठेवण्यांत त्याचें एक वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें १,४०० वजनांच्या तोडीचें आहे. म्हणून युरोपांत २०१७ पासून सर्व नव्या मोटारींत तें बंद झालें, २०१६ सालीं किगाली येथें अशीं द्रव्यें कमी करण्याचें ठरलें, आणि २०२१ सालीं भारतानें त्यास संमति दिली. त्याच्या जागीं आलेलें 'आर-१२३४वायएफ' हें द्रव्य आकाशाला सौम्य आहे, पण किंचित् जळणारें आहे. माँट्रियलच्या कराराचें फळ मात्र दिसूं लागलें आहे. शास्त्रज्ञांच्या अलीकडील अहवालाप्रमाणें, हेंच धोरण टिकल्यास अंटार्क्टिकावरील ओझोनचा थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या स्थितीला येईल.

द्रव्यें बदललीं, कायदे झाले. तरी इंजिनाच्या पट्ट्यानें फिरणाऱ्या जुन्या मोटारींत फिरता दांडा, त्याभोंवतालचें सील आणि रबरी नळी हीं तींच आहेत. बंद यंत्रांतला वायु संपत नाहीं, तो निसटतो. एखाद्या उन्हाळ्यांत गाडींतील गारवा मंदावला, तर गॅस किती भरावा हें ठरविण्यापूर्वीं तो कोठून गेला हें शोधून काढणारा मिस्त्री गांठावा. त्याची मजुरी थोडी अधिक पडेल. परंतु ती एकदांच द्यावी लागेल.